ताई, आवळ्याबद्दल तू खोटं बोललीस

ताई,

परवा तुझ्या कॉलेजात तुझी शोकसभा झाली. तुझ्या जुन्या विद्यार्थिनी आल्या होत्या. आता त्याही पन्नाशीच्या बाया, कोणाच्या गुडघ्याला पट्टा, कोणाच्या मांडीवर नात. एकेक उठून बोलत होती आणि फिरून फिरून सगळ्यांचं एकच, की मॅडम कधी खोटं बोलल्या नाहीत. आहारशास्त्राच्या तासाला कोणी म्हणालं की अमुक फळानं तमुक रोग पळतो, की मॅडम लगेच विचारायच्या, कोणी पाहिलं, किती माणसांवर पाहिलं, आणि ज्यांनी ते फळ खाल्लं नाही त्यांचं काय झालं? मी पहिल्या रांगेत बसले होते. शेवटी संचालन करणारी म्हणाली, मॅडमच्या धाकट्या बहिणीने दोन शब्द बोलावेत. मी माइकपाशी गेले, नमस्कार केला आणि परत येऊन बसले. सगळ्यांना वाटलं हुंदका आला. हुंदका नव्हता ताई, राग होता. हार घातलेल्या तुझ्या फोटोकडे बघून मी मनात म्हणत होते, माझ्याशी बोललीस ना खोटं. आयुष्यभर बोलली नाहीस आणि बोललीस ते नेमकं माझ्याशी.

तिथे बोलता आलं नाही म्हणून इथे बोलते. तू मध्ये टोकणार नाहीस, एवढी एक सोय झाली आहे.

तू फ्लूने गेलीस, हे लोकांना पटतच नाही. भेटायला येणारे विचारतात, आधीपासून काही दुखणं होतं का? नव्हतं. फ्लू छातीत उतरला, न्यूमोनिया झाला, संपलं. मग दारात चपला घालताना कोणीतरी हळूच म्हणतं, 'आवळ्यावाल्यांच्या घरात असं व्हावं?' मी घरी मोरावळा करते, आवळा कँडी करते, आणि अर्ध्या मनीषनगरात माझीच बरणी जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे तुझ्या मरणाचा जाब लोक माझ्या मोरावळ्याला विचारतात. विचारू देत. ते मी एक वेळ सोसेन.

उमरेडला लहानपणी कार्तिकात आवळीभोजन व्हायचं, ते मला हल्ली सारखं आठवतं. बाबांचा माग त्या दिवशी बंद. आपल्या आळीतली सगळी विणकरांची घरं डबे घेऊन त्या विहिरीवरच्या आवळीखाली जमायची. आई झाडाला हळदकुंकू वाहायची, पंगत व्हायची, आणि जेवण झाल्यावर प्रत्येकाच्या हातावर एक कच्चा आवळा. मी तो गपचूप मागे फेकायचे. तू तोंड वेडंवाकडं करत पूर्ण खायचीस, वर पाणी प्यायचीस आणि ओरडायचीस, 'पाणी गोड झालं!' आई म्हणाली, देवाचं झाड आहे वं, म्हणून. तू लगेच, 'मग विहिरीतलं पाणी नुसतं काहून गोड लागत नाही? झाड तर विहिरीवरच आहे ना?' आईने पाठीत धपाटा घातला. तुझं ते तेव्हापासूनच सुरू झालं. देवालाही तू पुरावा मागायचीस, मग माझी काय कथा!

मुलं मोठी झाल्यावर मी हा धंदा काढला, तेव्हा सगळे हसले होते. तू हसली नाहीस. पहिल्या वर्षी आवळे घ्यायला कळमन्याच्या बाजारात माझ्यासोबत तूच आलीस. व्यापाऱ्याने पोत्यातले वरचे आवळे दाखवले, तर तू हात कोपरापर्यंत आत घालून तळचा काढलास आणि नखाने दाबून पाहिलास. तो बिचारा म्हणाला, 'मॅडम, माल काहून खराब करून राहिल्या?' तू म्हणालीस, 'भाऊ, वरचे आवळे फोटोसाठी ठेवले न तुम्ही? आम्हाले खायचे पाहिजेत.' तो हसला आणि दुसरं पोतं काढलं. घरी आल्यावर माझी लोखंडी कढई बघून तू कपाळाला हात लावलास. त्यात आवळा काळा पडतो, त्यातलं सत्त्व जातं, स्टीलच्या चाळणीत वाफव, फार शिजवू नको. माझी कढई तू माळ्यावर टाकायला लावलीस, आणि मी चिडून त्या दिवशी तुला चहासुद्धा विचारला नाही.

नंतर माझ्या बोटांचे सांधे सुजायला लागले. संधिवात. आवळ्यांना टोचे मारायला काटा धरता येईना. तेव्हापासून दर हिवाळ्यात तू येऊन बसायचीस, पाय लांब करून, मांडीवर परात घेऊन. एकेक आवळा टोचत, बडबड करत. बरण्यांची झाकणं तू उघडून द्यायचीस, तूच घट्ट लावायचीस. कधी 'तुझी बोटं कशी आहेत' असं विचारलं नाहीस. माझ्यासमोर आलेली बरणी मी हात लावायच्या आत उघडलेली असायची. त्याबद्दल मी तुला एकदाही काही म्हटलं नाही. आता म्हणते, फार बरं वाटायचं गं.

आणि मग माझ्याकडे मदतीला येणाऱ्या बायांचा तू वर्ग घ्यायचीस. एकदा सफरचंदाची फोड ताटलीत ठेवलीस, अर्धीला लिंबू चोळलंस, अर्धी तशीच. थोड्या वेळाने दाखवलंस. 'पाहा वं, ही काळी पडून राहिली, ही नाही पडली. हवेनं काळं पडते तसं आपल्या आंगातही होत राहते. आन् व्हायरस आला तर जास्त होते. आपल्या पेशी त्याले मारायले आगच लावतात एका परीनं, आन् ती धग आपल्याच फुप्फुसाले लागते. आवळ्यात, संत्र्यात, पालकात, हळदीत जे अँटिऑक्सिडंट असतात ना, ते ती धग आवरायले मदत करत असतील. लढणाऱ्या पेशींलेही त्यांचा आधार होत असंल.' एक बाई म्हणाली, 'असंल म्हणजे? होते का नाही होत, एक सांगा न मॅडम.' तू म्हणालीस, 'मदत होते. रोज चांगलं खाणाऱ्याचं शरीर तयारीत राहते. पण घरात माठ भरून ठेवणं येगळं आन् आग लागल्यावर बंब बोलावणं येगळं. ताप चढला, धाप लागली तर डॉक्टर. माठाजवळ बसून राहायचं नाही.'

त्या बायांना ते अजून पाठ आहे. मला तर आहेच.

पण तुझं ते मोजूनमापून बोलणं मला टोचायचं, आणि ते तुला माहीत होतं. कोरोनाच्या दिवसांत ज्याला त्याला काहीतरी प्यायचं होतं, चाटायचं होतं. जो तो काढे विकत होता. मीही बरण्यांवर नवीन स्टिकर लावून घेतले, 'विषाणूंपासून घरच्या घरी संरक्षण'. छान हिरव्या अक्षरांत. तू तोंडाला मास्क लावून आलीस, एक बरणी उचललीस, चष्मा वर करून वाचलंस आणि माझ्या व्हरांड्यात बसलीस. खोबरेल तेलाची बाटली मागितलीस. तेल लावून, नखाने खरवडून एकेक स्टिकर काढत सुटलीस. मी ओरडले, रडले, तुला घरातून जायला सांगितलं. तू मान वर न करता म्हणालीस, 'कोणाच्या घरी म्हातारं माणूस तापानं पडलं असंल, आन् ते तुझी बरणी उघडून बसतील. तुले चालते का ते?' मी म्हटलं, 'सगळं जग लिहून राहिलं, मीच एकटी काहून नको?' तू म्हणालीस, 'कारण तू माझी बहीण आहेस.' त्या वेळी मला हे वाक्य शिवीसारखं लागलं होतं.

आपलं ते भांडण मिटलं कधीच नाही. मी दर वर्षी नव्या रीतीने विचारायचे. स्टिकर नको, पण तू रोज सकाळी एक मोरावळा खातेस, तेवढं तरी मोबाइलसमोर बोल. तुझ्या नावाला मान आहे. तू म्हणायचीस, 'मी चवीसाठी खाते.' फक्त एवढंच. चवीसाठी! मी दिवसभर वाफेत उभी राहून, सुजलेल्या बोटांनी केलेला मोरावळा माझी सख्खी बहीण चवीसाठी खायची आणि त्यावर एक शब्द जास्त बोलायची नाही. तुला वाटलं असेल मी हसण्यावारी नेते. मी नेत नव्हते ताई. मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं की माझ्या हातचं काहीतरी कामाचं आहे. गिऱ्हाइकांसाठी नाही, माझ्यासाठी.

गंमत तर अशी की मी स्वतः ज्या गोळ्या घेते त्या प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या. संधिवातात शरीर स्वतःवरच उलटतं, म्हणून त्याला जरा दाबावं लागतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की साध्या सर्दीतापाच्या माणसापासूनही लांब राहायचं. तू किती चिडवायचीस, 'जगाची प्रतिकारशक्ती वाढवून राहिली आन् स्वतःची दाबून ठेवली!' आणि चिडवून झालं की मला ओढत नेऊन फ्लूची लस घ्यायला लावायचीस. दर वर्षी आपण दोघी जायचो. या वर्षी मात्र तू म्हणालीस, 'तू घे, मी माझ्या घराजवळच्या दवाखान्यात घेतली.' मी विश्वास ठेवला. तुझ्यावर विश्वास न ठेवायची आपल्या घरात कोणाला सवयच नव्हती.

मग हा हिवाळा. या वेळी टोचे मारायला तू आलीच नाहीस. गुडघा दुखतो म्हणालीस. फोनवर आवाज बसलेला वाटला, मी म्हटलं येते. तू म्हणालीस नको. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, पुन्हा तसाच आवाज. मी ठणकावून सांगितलं, मी रिक्षा करून निघते, भाकरी आणि अंबाडीची भाजी घेऊन येते, दोन दिवस राहते. तू फोन ठेवलास. आणि थोड्या वेळाने तुझा तो व्हॉइस मेसेज आला.

'मंजू, मी मजेत आहे वं. सर्दी झाली होती, ताप पण होता. पण तुझा मोरावळा दोन्ही टाइम खाऊन राहिली, तर उतरला बघ ताप. तू इतके वर्ष म्हणत होती ना, तेच खरं आहे. माझंच चुकलं. तू बिलकुल येऊ नको, तुझा पाक गॅसवर असंल. मी बरी झाली की मीच येईन.'

'तेच खरं आहे' म्हणण्याआधी तू मध्येच थांबली आहेस. जरा जास्तच थांबली आहेस. मला वाटलं ताईला हे बोलणं जड जातंय, मानीपणा गिळते आहे बिचारी. तू श्वास घेत होतीस.

मी काय केलं सांगू? मी स्वयंपाकघरात उभी राहून तो मेसेज पुन्हा पुन्हा ऐकला. ह्यांना ऐकवला. हे म्हणाले, 'चला, ताईसाहेबांनी सही केली एकदाची.' मी इतकी खूश झाले होते की मला तुझा आवाज ऐकूच आला नाही, नुसते शब्द ऐकू आले. आणि मी तो मेसेज माझ्या गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'माझ्या ताई, आहारशास्त्राच्या प्राध्यापिका, काय म्हणतात ऐका.' हो, टाकला. आणि यात मी माझा दोष मानायला तयार नाही. जिच्या शब्दावर आख्खं कॉलेज डोळे मिटून विश्वास ठेवायचं, तिच्या शब्दावर मी ठेवला. ग्रुपवर टाळ्या, हात जोडलेले, फुलं. बायांनी आपापल्या ग्रुपवर पुढे पाठवला. आणि मी घरीच राहिले. पाक होता ना गॅसवर.

तुझ्या समोरच्या दाराच्या कुसुमवहिनींचा फोन आला तेव्हा दुपार होती. 'मंजूताई, लवकर या, ताईंले भरती केलं.' मी पोचले तर तुला श्वासाचं यंत्र लावलेलं. मला मास्क, टोपी, गाऊन चढवून थोडा वेळ आत सोडलं. तुझे डोळे उघडे होते. तू मला ओळखलंस. मी हात पुढे केला, तर तू तुझा हात चादरीखाली ओढून घेतलास. मानेने दाराकडे खूण केलीस, जा. मी म्हटलं, ताई, मी आहे. तू पुन्हा, जा. मी बाहेर आले आणि बाकावर बसून विचार करत राहिले की माझं असं काय चुकलं. आपली शेवटची भेट ती. तुझी लेक मुक्ता पुण्याहून पोचायच्या आत तू गेलीस.

तू हात का ओढून घेतलास, हे मला तेराव्याला कळलं. कुसुमवहिनी भांडी आवरायला थांबल्या होत्या. मी म्हटलं, 'वहिनी, मले एकदा सांगायचं तरी होतं. मी आली असती.' त्या हातातली कढई खाली ठेवून म्हणाल्या, 'तेच तर नको होतं त्यांले. म्हणत होत्या, मंजू आली तर तिले लागंल, ती त्या गोळ्या खाते. नुसतं येऊ नको म्हटलं तर ती ऐकत नाही, मले माहीत आहे. एकाच गोष्टीनं ती घरी बसंल. आन् तो मेसेज माझ्या समोरच केला त्यांनी, दोनदा खोकला आला म्हणून दोनदा पुसला, तिसऱ्यांदा जमला. मग मले म्हणे, पाहा आता, खूश होऊन बसंल.'

ताई, मी त्या घटकेला किती जोरात ओरडले असेन ठाऊक नाही. बाहेरच्या खोलीतली माणसं धावत आली.

तुला माझं मर्म माहीत होतं. इतकी वर्षं ज्या एका वाक्यासाठी मी तुझ्या मागे लागले होते, ते तू मला दिलं नाहीस, दिलं नाहीस, आणि दिलंस तेव्हा दाराला लावायच्या कुलपासारखं दिलंस. तू सरळ सांगू शकली असतीस, मंजू, मला फ्लू झाला आहे, तू लांब राहा, पण माझ्यासाठी डॉक्टर पाठव, मुक्ताला कळव. मी जिन्यात उभी राहिले असते. खालून हाका मारल्या असत्या. ह्यांना पाठवलं असतं. तुला गाडीत घालून न्यायला माणसं का नव्हती आपल्याकडे? तू मला वाचवायचं ठरवलंस ते मला न विचारता, जशी माझी कढई माळ्यावर टाकलीस, जसे माझे स्टिकर खरवडलेस. धाकटीला काय विचारायचं! मी साठीला आले ताई. मला माझ्या बहिणीच्या आजारात काळजी करायचा हक्क होता.

आणि याहून वाईट एक गोष्ट आहे. कुसुमवहिनी म्हणाल्या की त्यांनी तुला डॉक्टरकडे चला म्हटलं, तर तू म्हणालीस, 'उद्या पाहू, आज आवळा घेतला, जरा बरं वाटून राहिलं.' हे तू त्यांना का सांगितलंस? त्या काही गोळ्या खात नाहीत. त्यांना घरी ठेवायचं नव्हतं. तेही खोटं होतं, की त्या दिवसांत अंगात ताप असताना, एकटीने पडून, तू खरंच विश्वास ठेवायला लागली होतीस? मुक्ताने तुझ्या घराजवळच्या दवाखान्यात विचारलं. लस घ्यायला तू तिथे गेलीच नव्हतीस. का गेली नाहीस? गुडघा? कंटाळा? की रोजचा मोरावळा आणि संत्री खाणाऱ्या बाईला वाटायला लागलं होतं की आपल्याला काय होतंय? जगाला बंब बोलवायला सांगणारी तू माठाशी बसून राहिलीस. माझ्यासाठी खोटं बोललीस हे मी कधीतरी गिळेन. पण तू स्वतःचंच शिकवलेलं विसरली असशील, तर मी कोणावर विश्वास ठेवायचा सांग. हे मला आता कधीच कळणार नाही आणि त्याचाच राग सगळ्यात जास्त येतो.

तुझा मेसेज मात्र फिरतोच आहे. मागच्या आठवड्यात पारशिवनीहून एक बाई फोन करते, मला ओळखत नाही, तिच्या जाऊबाईंच्या ग्रुपवर ऐकला म्हणे. 'त्या मॅडमचा ताप ज्यानं उतरला तो मोरावळा पाहिजे.' मी विचारलं, कोणाला पाहिजे? म्हणाली, असू दे घरात, हिवाळा आहे. मी फोन ठेवला. ताई, ज्यासाठी तू नखं झिजवून माझे स्टिकर काढलेस, तेच आता तुझ्या स्वतःच्या आवाजात गावोगाव चाललं आहे, आणि तुझ्या आवाजापुढे माझी हिरवी अक्षरं काय होती!

मी मुक्ताला सांगितलं की मला ग्रुपवर खरं बोलावं लागेल. ती खूप रडली. 'मावशी, आईचा तो शेवटचा आवाज आहे. तू तो खोटा आहे म्हणून सांगशील? सगळ्यांसमोर आईला खोटं पाडशील?' मी तिला जवळ घेतलं. काय सांगू तिला? मलाही तो आवाज पुसवत नाही. त्यात तू मला 'तेच खरं आहे' म्हणतेस. खोटं तर खोटं, पण दुसरं कुठे म्हटलं आहेस? शोकसभेपुरती बाहेर पडले, एरवी चार दिवस नुसती घरात फिरत राहिले. मोरावळ्याच्या बरण्या तशाच पडून आहेत, झाकणं कोण लावणार?

काल सकाळी अंघोळ करून बसले आणि बोलले. वाचून दाखवलं नाही, जसं आलं तसं बोलले. 'मी मंजू, आवळ्यावाली. मी जो माझ्या ताईचा मेसेज पाठवला होता, तो खरा नव्हता. ताईचा ताप उतरला नव्हता. ताई फ्लूने गेली. आवळा खा, संत्री खा, पालक खा, रोज खा, शरीराला आधार होतो, हे ताईनेच आयुष्यभर शिकवलं. पण ताप असेल, धाप लागत असेल तर आवळा घेऊन घरी बसू नका, डॉक्टरकडे जा. लस घ्या. जिथे जिथे तो मेसेज पाठवला असेल, तिथे हा पाठवा.' माझा आवाज मध्ये फाटला आहे. पुन्हा केला नाही. तुझ्यासारखं दोनदा पुसून तिसऱ्यांदा करायची माझ्यात ताकद नव्हती.

 मग नेहमीचे जोडलेले हात आले. दोघीतिघींनी ग्रुप सोडला. आणि मग फोन वाजला, नंबर ओळखीचा नव्हता. तीच पारशिवनीची बाई. धापा टाकत बोलत होती. सासऱ्यांना परवापासून ताप आहे, आज छाती घरघरते आहे, म्हातारे दवाखान्याचं नाव काढू देत नाहीत, कोणाकडून तरी आणलेला मोरावळा चारून राहिलो. 'आता तुमचं ऐकलं ताई, घाबरून गेली.' मी म्हटलं, गाडी आहे? आहे म्हणाली. मग बाई, आत्ता न्या, उद्यावर टाकू नका. फोन चालू ठेवा, मी आहे. तिने नवऱ्याला हाक मारली, म्हाताऱ्याचं कुरकुरणं ऐकू आलं, घोंगडी आणा, मास्क लावा, दार लोटा. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी हातातला मोबाइल कानाशी इतका दाबून धरला होता की बोटं ठणकायला लागली.

गाडीत बसल्यावर तिला जरा उसंत मिळाली. तिने अगदी सहज विचारलं, 'पण ताई, तुमच्या बहिणीनं तसं खोटं काहून सांगितलं?'

मला वाटलं आता माझ्या तोंडून सगळा राग बाहेर पडेल, इतके दिवस साठलेला, या अनोळखी बाईच्या कानात.

मी म्हटलं, 'माझ्यासाठी.'

ती पलीकडून 'हॅलो, हॅलो' म्हणत राहिली, ताई, आणि या वेळी मात्र हुंदकाच होता.